सदर तिकीट अस्सल असल्याबाबत

प्रदर्शनात एक टपाल तिकीट लावणं हे भिंतीवर कॅलेंडर लावण्यापेक्षा सोपं काम असणार, कारण खिळा ठोकावा लागत नाही, असा मुबश्शिराचा अंदाज होता. ती माजलगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची आणि तिचे अंदाज चुकले तरी सहसा दशांश चिन्हाच्या पलीकडे चुकत. हा अलीकडे चुकला.

झालं असं, की बीडच्या हौशी तिकीट संग्राहक मंडळानं जिल्ह्याचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि ती बातमी ज्या कागदावर छापली होती त्याच कागदात अबरारनं एके दिवशी भजी बांधून आणली. घरात माणसं चार. मुबश्शिरा, तिचा धाकटा भाऊ अबरार, अम्मी अमीरबी आणि अब्बा मुनव्वरमियां. तिघांनी भजी खाल्ली. अब्बांनी कागद वाचला.

अब्बांनी उभा जन्म मोंढ्याच्या रस्त्यावर घड्याळं दुरुस्त केली होती. मागच्या रमजाननंतर त्यांना झटका आला, तेव्हापासून डावा हात आणि डावा पाय रुसून बसले होते आणि जीभही मोजकंच चालायची. त्या दिवशी मात्र त्यांनी तेलकट कागदावर उजव्या हाताचं बोट ठेवलं आणि म्हणाले, "धर्माचं तिकीट लावायचं."

"कुठं लावायचं?" अमीरबींनी विचारलं. "तुमाला हितून मोरीपर्यंत जायचं म्हनलं तर दोन मानसं लागतात."

"बीडला. धर्माच्या नावानं."

धर्मा म्हणजे नांदूरघाटचे धर्मराज. एसटीत कंडक्टर होते, हैदराबादच्या गाडीवर. अब्बांना निजामाच्या काळातल्या तिकिटांचा नाद होता. धर्मराजांना तिकिटातलं काही कळत नसे, पण मित्राचा नाद तो आपला नाद अशी त्यांची समजूत होती. गेल्या साली ते गेले, तेव्हा अब्बा दवाखान्यात पडून होते. बरेच दिवस त्यांना कुणी सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हा मातीही होऊन गेली होती आणि दहावाही. अब्बा त्यावर काहीच बोलले नव्हते. भज्यांच्या कागदावरचं ते बोट, हे त्यांचं पहिलं बोलणं.

तिकीट धर्मराजांनीच आणलेलं. पुष्कळ वर्षांपूर्वी अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. घड्याळजीचा डोळा गेला की त्याचं सगळंच गेलं, त्यामुळे पट्टी सुटेपर्यंत घरात कुणाला धड घास गेला नव्हता. पट्टी सुटायच्या दिवशी धर्मराज ड्यूटीवरून तसेच, खांद्याला तिकिटांची पेटी अडकवून दवाखान्यात हजर झाले. "पयलं काय बघायचं ते मी आनलंय," असं म्हणून त्यांनी एक जाड कागद अब्बांसमोर धरला. त्याच्या कोपऱ्यात बारीकशा डिंकाच्या पट्टीनं तिकीट डकवलेलं. अब्बांनी खिशातलं घड्याळजीचं भिंग काढून डोळ्यात बसवलं आणि इतका वेळ पाहिलं की डॉक्टर काळजीत पडले. मग भिंग काढून म्हणाले, "लई दुरून आनलंस, धर्मा." आणि त्यांना मिठी मारली. अमीरबी ही हकीकत दर ईदेला, शेवया वाढता वाढता सांगत.

तिकीट एक आण्याचं. निजामाच्या राज्यात सरकारी पत्रांसाठी नेहमीच्याच तिकिटांवर काळ्या शाईत उर्दूतून 'सरकारी' असा शब्द वरून छापत. या तिकिटावर तो शब्द उलटा छापला गेला होता, डोकं खाली आणि पाय वर. असं तिकीट फार दुर्मिळ. शेजारचे बद्रीनाथकाका एका कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. सरकार उलटं होणं यात दुर्मिळ काय आहे, असा प्रश्न त्यांना पहिल्यापासून पडलेला होता.

आणि तिकीट ज्यावर डकवलं होतं तो जाड कागद म्हणजे तज्ज्ञाचं प्रमाणपत्र. त्यावर लाल गोल शिक्का, शेपटी असलेली सही आणि इंग्रजीतल्या चार ओळी. अब्बांना उर्दू उत्तम येई, मराठी बरी येई, इंग्रजी घड्याळाच्या तबकडीवर असते तेवढीच येई. तेव्हा चार ओळींवर त्यांनी विश्वास ठेवला होता, असं सगळे धरून चालले होते.

मुबश्शिरानं मंडळाच्या सचिवांना फोन केला.

"दुर्मिळ तिकीट असेल तर तज्ज्ञांचं प्रमाणपत्र लागेल," सचिव म्हणाले.

"आहे."

"मग ते प्रमाणपत्र विश्वासार्ह आहे, याची खात्री लागेल."

"ती कोण देणार?"

"तज्ज्ञ."

हे वर्तुळ आहे हे तिच्या लक्षात आलं, पण वर्तुळाबाहेर पडायचं कुठून हे पाठ्यपुस्तकात नव्हतं. म्हणून तिनं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. प्रमाणपत्र वाचलं.

चार ओळी तिनं पुष्कळदा वाचल्या. त्यांत म्हटलं होतं की हे तिकीट निजामाच्या राज्याचं, एक आण्याचं, वापरलेलं असून आमच्या मते अस्सल आहे. कागद अस्सल, रंग अस्सल, कडेची भोकं अस्सल. वरच्या उलट्या शब्दाबद्दल काहीच नव्हतं. ज्या एका गोष्टीमुळे ते तिकीट दुर्मिळ होतं, तिच्याविषयी तज्ज्ञ गप्प होते. नवरीच्या गुणांची यादी द्यावी, स्वयंपाक येतो, शिवण येतं, आणि ती कुठंय असं विचारल्यावर विषय बदलावा, त्यातला हा प्रकार. कागदावर तिकिटाचा फोटो चिकटवलेला होता, पण तो इतका काळपट की त्यात उलटा शब्द आहे की सावली, हे सांगता येईना. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, एका तिकिटांच्या दुकानाचं नाव होतं. ते नाव आणि सहीतलं आडनाव एकच.

म्हणजे विकणाराच साक्षीदार.

"काय लिवलंय?" खाटेवरून अब्बांनी विचारलं.

"अस्सल आहे म्हणून लिहिलंय," ती म्हणाली. हे खरं होतं. तज्ज्ञही खरंच बोलले होते.

नेमकं याच वेळी बद्रीनाथकाकांनी प्रकरण हातात घेतलं. कुणाच्याही घरातल्या कागदाचा वास त्यांना भिंतीपलीकडून येई.

"मॅडम," ते म्हणाले. मुबश्शिराला त्यांनी झबल्यात पाहिलं होतं, पण ती कॉलेजात लागल्यापासून ते तिला मॅडम म्हणत. "कागद खरा का खोटा हे कागदावर काय लिवलंय त्याच्यावरून ठरत न्हाई. त्याच्यावर शिक्के किती हायेत, त्याच्यावरून ठरतं. ह्याच्यावर एकच हाय. कसं चालल?"

"काका, शिक्के वाढवून तिकीट खरं होत नाही."

"तिकीट होत न्हाई. पर विचारनारा गप होतो. नोकरीत मी दुसरं काय केलं?"

दोन दिवसांनी ते नगरसेवकाच्या लेटरहेडवरचा एक कागद घेऊन आले. विषय होता, 'सदर तिकीट अस्सल असल्याबाबत'. मजकूर असा: सदर तिकिटास मी व्यक्तिशः ओळखतो. ते माझ्या प्रभागातील कायमचे रहिवासी असून त्याची वर्तणूक चांगली आहे. माझ्या माहितीप्रमाणे त्याचा कोणत्याही गैरप्रकारात सहभाग नाही.

"हे त्यांनी वाचलं का, सही करताना?"

"वाचून सही करनारा मानूस निवडून येतो का?" काकांनी शांतपणे विचारलं.

अमीरबींना मात्र तो कागद आवडला. त्यांनी तो लगेच अबरारच्या हवाली केला. "लॅमिनेशन करून टाक." अब्बांच्या घड्याळाच्या दुकानात आता अबरारचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं सेंटर होतं, आणि अमीरबींचा प्लास्टिकवर गाढ विश्वास होता. एका पावसाळ्यात घरातली पेटी ओली होऊन त्यांच्या निकाहाचा एकुलता एक फोटो लगद्यासारखा झाला होता, तेव्हापासूनचा. आधार कार्ड, रेशन कार्ड, मुबश्शिराच्या सगळ्या मार्कलिस्टा, कुकरचं वॉरंटी कार्डसुद्धा त्यांनी लॅमिनेट करून घेतलं होतं. कुकर केव्हाच मोडीत गेला. वॉरंटी अजून नवीकोरी होती.

सचिवांनी शेवटी तीन तज्ज्ञांचे नंबर पाठवले. पहिल्या नंबरावर एका गृहस्थांनी सांगितलं, की वडील जाऊन वर्षं झाली, पण त्यांनी सही करून ठेवलेली कोरी प्रमाणपत्रं थोडी शिल्लक आहेत, एखादं पाठवू का. दुसऱ्या नंबरावर एका बाईंनी फोन उचलला. "मामंजी आता आम्हालाच ओळखत नाहीत हो," त्या म्हणाल्या, "तिकीट कुठून ओळखणार?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण तुम्ही फोन केलात ते बरं वाटलं. पूर्वी फार यायचे त्यांना." मुबश्शिरानं मामंजींची प्रकृती विचारली आणि फोन ठेवला. तिकिटाचं काम आहे हे त्या दिवशी ती पुढे विसरूनच गेली.

तिसरे लातूरचे आदिनाथ कासलीवाल. तेच प्रदर्शनाचे परीक्षक होते.

"बाई, प्रमाणपत्र म्हणजे मत," तिनं चार ओळी वाचून दाखवल्यावर ते फोनवर म्हणाले. "मत कुणाचं, कशाबद्दल आणि ते कुणाच्या सांगण्यावरून दिलंय, एवढंच बघायचं. तुमचं तिन्ही ठिकाणी लंगडं आहे. पण म्हणून तिकीट खोटं ठरत नाही. लंगड्या साक्षीदाराचा अशीलही कधीकधी निर्दोष असतो. मी बीडला येईन तेव्हा दाखवा. आणि तोवर तुम्हालाच बघायचं असेल तर एक सांगतो. त्यावर टपालाचा शिक्का आहे ना?"

"आहे. अर्धा."

"तो शिक्का आणि वरून छापलेला शब्द कुठं एकमेकांना छेदतात का बघा. आधी शब्द छापला जातो, मग तिकीट पाकिटावर लागतं, मग टपालवाले शिक्का मारतात. म्हणजे शिक्का वर पाहिजे, शब्द खाली. शब्द जर शिक्क्याच्या वर बसला असेल, तर कुणीतरी साधं वापरलेलं तिकीट घेऊन नंतर त्याच्यावर शब्द उलटा छापलाय."

इतकी स्वच्छ कसोटी तिला विज्ञानातही क्वचित भेटली होती. शनिवारी प्रात्यक्षिकं संपल्यावर तिनं जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊन प्रमाणपत्राचा कोपरा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि मोबाइलची बॅटरी एका बाजूनं तिरपी धरली. शब्दाचं शेवटचं अक्षर आणि शिक्क्याची कड एका ठिकाणी छेदत होती. ठिपक्याएवढी जागा. शिक्क्याची शाई निळसर काळी, कागदात मुरलेली. शब्दाची शाई चकचकीत.

चकचकीत शाई वर होती.

तिनं बॅटरी दुसऱ्या बाजूनं धरली. मग तिसऱ्या. निरीक्षण तेच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं, की उपकरणात दोष निघावा. तिनं भिंगं पुसली. मग खिडकीजवळच्या स्टुलावर बसून राहिली. हैदराबादच्या एका दुकानात, खांद्याला पेटी लावलेला एक कंडक्टर उभा राहिला होता आणि त्याला एक साधं तिकीट, चार खऱ्या ओळी आणि एक लाल शिक्का बांधून दिला होता. आणि त्यानं ते गाडीच्या धक्क्यात, छातीशी धरून आणलं होतं.

घरी आली तेव्हा अब्बा खाटेवर उशीला टेकून बसले होते. अमीरबी त्यांना मऊ भात भरवत होत्या.

"सरस्वतीवहिनीचा फोन आलता," अमीरबी म्हणाल्या. सरस्वतीबाई म्हणजे धर्मराजांच्या बायको. "त्या येनार हायेत बीडला. म्हनल्या, ह्यांचं नाव लागनार हाय, तर मी कावून येऊ नये? भाच्याला सोबत घेते म्हनल्या."

अब्बांनी घास गिळला.

"बगितलंस का?" त्यांनी विचारलं. "भिंगातून?"

"वेळच मिळाला नाही, अब्बा," ती म्हणाली.

इतकं चुकीचं विधान तिनं आजवर केलं नव्हतं. अब्बांनी तिच्याकडे पाहिलं. घड्याळ कानाशी धरून ते जसे ऐकत, तसे थोडा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "बरं," आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

रविवारभर तिनं विचार केला. प्रदर्शनात तिकीट न्यावं, तर कासलीवाल भिंग लावणार आणि सगळ्यांसमोर, सरस्वतीबाईंसमोर, सांगणार. न न्यावं, तर अब्बांना कारण द्यावं लागणार. कासलीवालांना आधी फोन करून गप्प राहायची विनंती करावी, तर तो गैरप्रकार, आणि नगरसेवकांनी तर लिहूनच दिलं होतं की सदर तिकिटाचा गैरप्रकारात सहभाग नाही. बद्रीनाथकाकांना विचारायची तिला एकदा हुक्की आली. यावरून तिची अवस्था समजावी.

सोमवारी अब्बांनी दाढी करायला न्हाव्याकडे जायचं मनात घेतलं. झटका आल्यापासून न्हावी घरी येई, पण त्या दिवशी हट्टच. बद्रीनाथकाका रिक्षा घेऊन आले आणि दोघं गेले. मुबश्शिरा कॉलेजात गेली. संध्याकाळी परतली तेव्हा अम्मींचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू येत होता.

"चार तास गेले आन् दाढी जशीच्या तशी! न्हावी काय तोंडाकडं बगत बसलता का?"

आत खरं प्रकरण वेगळंच होतं. अबरार मान खाली घालून उभा होता आणि पलंगावर प्रमाणपत्र पडलं होतं. चकाकत होतं. प्लास्टिकमध्ये, चारी बाजूंनी पक्कं बंद. आणि त्याच्या कोपऱ्यात, त्याच प्लास्टिकमध्ये, तिकीट.

"अम्मी नेहमी म्हनते ना कागद खराब होतात," अबरार पुटपुटला. "आज अ‍ॅडमिशनवाल्यांची गर्दी होती. त्याच्यात हे बी घातलं. तिकीट हाय हे ध्यानातच आलं न्हाई, आपा."

"ध्यानात आलं नाही?" मुबश्शिरा सहसा आवाज चढवत नसे. "अबरार, तुला काय वाटतं, आत काय होतं? चिकट थर वितळतो. वितळून कागदाच्या तंतूंत शिरतो. आता ते सोडवायला गेलं तर तिकिटाचे दोन थर होतील. आता कागद तपासता येणार नाही, शाई तपासता येणार नाही, काहीच तपासता येणार नाही." हे बोलता बोलताच तिला आपल्या वाक्याचा शेवट ऐकू आला. काहीच तपासता येणार नाही. ती थांबली. आतून काहीतरी सैल झालं, आणि ते सैल झालं याची तिला शरम वाटली, म्हणून तिनं अबरारला पुन्हा थोडं रागावून घेतलं. "जरा तरी डोकं वापरायचं."

अबरारनं ऐकून घेतलं. अमीरबींनीही त्याला धुतलं, वर ज्या लॅमिनेशनवर आपला एवढा विश्वास त्यालाही धुतलं. भिंतीपलीकडून बद्रीनाथकाका आले, कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "आता मात्र पक्कं झालं. ह्याला बदलायला आता कुनी येत न्हाई." खाटेवरून अब्बा एवढंच म्हणाले, "असू दे. पोरगं हाय."

मुबश्शिरानं तो कागद नीट पाहिला. काम सुबक झालं होतं, फक्त एके ठिकाणी प्लास्टिकखाली तिळाएवढा फुगवटा राहिला होता. नेमका शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर, शिक्क्याच्या कडेशी.

प्रदर्शन बीडला एका मंगल कार्यालयात होतं. सचिवांनी लॅमिनेशन पाहून डोक्याला हात लावला आणि तिकीट 'स्पर्धेबाहेर' या टेबलावर ठेवायला परवानगी दिली. तिथं एका शाळकरी मुलीची फुलपाखरांची तिकिटं होती आणि दुसऱ्या बाजूला काड्यापेट्यांचा संग्रह. मुबश्शिरानं खाली पट्टी लावली: 'नांदूरघाटचे कै. धर्मराज यांनी आपल्या मित्रास दिलेली भेट.' अब्बा खुर्चीत, उजव्या हातात काठी धरून, टेबलाशेजारी बसले. संपूर्ण सभागृहात मालकासह प्रदर्शित झालेलं ते एकच तिकीट होतं.

सरस्वतीबाई दुपारी आल्या. भाचा कुठं तरी पार्किंगमध्ये अडकला होता. हातातल्या पिशवीत भाजलेल्या शेंगा. त्यांनी पट्टी एकेक अक्षर लावत वाचली, दोनदा वाचली, आणि पदरानं प्लास्टिक पुसलं.

"आता कशी तब्येत हाय, भाऊ?"

"हाय," अब्बा म्हणाले. "मला यायला जमलं न्हाई, वहिनी. मातीला."

"ठावं हाय मला. तुमी स्वतः कुठं शुद्धीत होता."

दोघंही थोडा वेळ काड्यापेट्यांकडे पाहत राहिले. मग सरस्वतीबाई म्हणाल्या, "ह्याच्यासाठी लई भांडलते त्या दुकानदाराशी. मला घरी येऊन सांगितलतं. म्हनले, मी त्याला सांगितलं, मोठ्या सायबाची सही असलेला कागद दे, तरच नेतो. मुनव्वर लई बारीक बघतो, त्याच्याम्होरं माझी इज्जत जाया नको."

मुबश्शिरानं पट्टीचा एक कोपरा पुन्हा दाबून बसवला. तो सुटलेला नव्हता.

तेवढ्यात कासलीवाल आले. उंच, वाकलेले, गळ्यात भिंग. त्यांनी आधी प्रमाणपत्र वाचलं आणि एक भुवई वर केली. मग तिकिटावर वाकले, छोटा दिवा काढला, तिरपा धरला, सरळ धरला. प्लास्टिकवर नुसता उजेड चमकला. ते फुगवट्यापाशी बराच वेळ थांबले. शेवटी सरळ होऊन म्हणाले, "अरेरे. कुणी केलं हे? आता काहीच सांगता येत नाही. खरं म्हणता येत नाही, खोटंही म्हणता येत नाही."

"मंजी काय?" सरस्वतीबाईंनी अब्बांना विचारलं.

"मंजी," अब्बा म्हणाले, "आता खोटं कुनालाच म्हनता येनार न्हाई, वहिनी."

त्यांच्या अर्ध्या ओठांवर काही तरी हललं. ते हसू होतं की झटक्याची खूण, हे मुबश्शिराला ठरवता आलं नाही. सरस्वतीबाईंनी पिशवी उघडून सगळ्यांना शेंगा दिल्या. कासलीवालांनाही दिल्या, आणि परीक्षकांनी टरफलं कुठं टाकावीत याची सोय मंडळानं केलेली नव्हती, म्हणून ते बराच वेळ मूठ मिटून हिंडले.

थंडी सुरू झाली आणि अब्बा गेले. झोपेतच. धर्मराजांच्या मातीला ते जाऊ शकले नव्हते, पण सरस्वतीबाई नांदूरघाटहून आल्या आणि जनाजा उठला तेव्हा अमीरबींना धरून बसल्या. बद्रीनाथकाका कब्रस्तानापर्यंत चालत गेले. दुसऱ्या दिवसापासून ते अर्ज, नक्कल आणि जोडपत्रं यांच्या मागे लागले. रडण्याची त्यांना तेवढीच पद्धत माहीत होती.

मृत्यूचा दाखला आला त्या दिवशी मुबश्शिरा आणि अम्मी दुकानातच होत्या. अमीरबींनी दाखला दोन्ही हातांनी अबरारपुढे धरला. "ह्याला लॅमिनेशन कर, बेटा. खराब व्हाया नको."

अबरारनं मशीन सुरू केलं. ते तापेपर्यंत कागद हातात धरून उभा राहिला, आणि मग ते तापलं तरी उभाच राहिला.

"काय झालं?" मुबश्शिरानं विचारलं.

"आपा," तो म्हणाला, "ते मी केलं नव्हतं. म्हंजे, मीच केलं. पर अब्बांनी करायला लावलं. न्हाव्याकडं गेलेच न्हाईत ते. काकांनी त्यांना हितं आनून सोडलं. त्यांनी जुन्या जागी, खिडकीपाशी बसवून घेतलं. भिंग मागितलं. ते ह्याच खणात होतं."

अमीरबी खाली बसल्या.

"मग चिमटा मागितला. मग म्हनले, चहाची साखर आन. मला वाटलं, डोकं फिरलं. त्यांनी साखरेचा एक दाना चिमट्यात धरला, आन् तिकिटावर ठिवला. लई वेळ लावला. एकच हात चालायचा ना. म्हनले, आता घाल मशीनमध्ये, हळू घाल, दाना हलला न्हाई पायजे."

मुबश्शिराला तो तिळाएवढा फुगवटा आठवला. ठिपक्याएवढी जागा. त्या जागेवर दाणा ठेवायचा, तर ती जागा कुठं आहे ते आधी माहीत असावं लागतं. पट्टी सुटल्या दिवशी ते किती वेळ पाहत बसले होते, ते अमीरबी दर ईदेला सांगायच्या. कुणी कधी हिशोब मांडला नव्हता, इतकंच.

"मी विचारलं, अब्बा, कावून? कुनाला सांगू नको म्हनले." अबरारनं नाक ओढलं. "म्हनले, तुझ्या आपानं बगितलंय. मला न्हाई म्हनाली. तिला खोटं बोलता येत न्हाई रे, लई वंगाळ बोलती. तिला सरस्वतीवहिनीम्होरं बोलायची पाळी यायला नको. शिव्या तू खा."

"खाल्ल्यास," मुबश्शिरा म्हणाली.

"लई खाल्ल्या."

मशीनचा दिवा हिरवा होऊन राहिला होता. बाहेर कुणीतरी दहावीच्या मार्कलिस्टेच्या प्रती काढायला आलं, आतली माणसं पाहिली आणि पायरीवर थांबलं. मुबश्शिरानं अबरारच्या हातातून दाखला घेतला आणि सवयीनं वाचला. नाव, वय, ठिकाण, तारीख. लिहिलं होतं तेवढं सगळं बरोबर होतं. ज्या माणसाबद्दल होतं त्याच्याविषयी त्यात काहीच नव्हतं.

तिनं अब्बांची खुर्ची खिडकीपाशी ओढली, खणातून भिंग काढलं, मग चिमटा. दाखला समोर सरळ केला आणि तारखेवर बोट ठेवलं.

"अबरार," ती म्हणाली, "चहाची साखर कुठं ठेवतोस?"